टूरच्या धंद्यात इन्सेंटिव्ह कसा द्यावा? पुण्यातल्या मालकांचे (आणि कर्मचाऱ्यांचे) नेहमीचे प्रश्न

हे पान कोणासाठी आहे?

टिळक रोडला, डेक्कनला, कोथरूडला ज्यांचं टूरचं ऑफिस आहे, पानशेतकडे छोटं रिसॉर्ट आहे किंवा दोन-चार टेम्पो ट्रॅव्हलर धंद्याला लावल्यात, अशांसाठी. मी अठरा वर्षं या धंद्यात काढली. आधी काउंटरवर बसलो, मग टूर मॅनेजर म्हणून फिरलो, मग पगारपत्रक माझ्याकडे आलं. आता लहान कंपन्यांना इन्सेंटिव्हचं गणित बसवून देतो. खालचे बरेचसे प्रश्न मालकांचे आहेत. काही कर्मचाऱ्यांचेही आहेत, पण ते सहसा मालक फोन घ्यायला बाहेर गेल्यावर विचारले जातात.

इन्सेंटिव्ह आणि दिवाळी बोनस एकच ना?

नाही. बोनस कायद्याने देणं लागतो, इन्सेंटिव्ह तुम्ही कबूल केलात म्हणून देणं लागतो.

१९६५ च्या बोनस कायद्याचा हिशेब बहुतेकांना ऐकून माहीत असतो: २० किंवा जास्त माणसं असलेली आस्थापना, महिना २१,००० रुपयांपर्यंत पगार, वर्षात किमान ३० दिवस काम, आणि बोनस कमीत कमी ८.३३ टक्के, जास्तीत जास्त २० टक्के. टक्केवारी पूर्ण पगारावर लागत नाही. ७,००० रुपये किंवा त्या कामाचं किमान वेतन, यातला जो आकडा मोठा त्यावर लागते. २१ नोव्हेंबर २०२५ पासून वेतन संहिता, म्हणजे पगार-बोनसचे जुने कायदे एकत्र करणारा नवा कायदा, लागू झाली, पण ८.३३ आणि २० हे दोन आकडे तिच्यातही तसेच आहेत. ८.३३ टक्के म्हणजे वर्षाचा बारावा हिस्सा, म्हणून बोलताना आपण त्याला ‘एक पगार’ म्हणतो.

‘वर्षभर इन्सेंटिव्ह दिला की, आता दिवाळीला वेगळं काय?’ असं म्हणून दोन्ही परस्पर वळते करून टाकणारे मालक मी पाहिलेत. असं करू नका, आधी आपल्या सीएला विचारा. तुमच्याकडे सातच माणसं असतील तर कायदा लागू नाही हे खरं. पण टूरवाल्यांची दिवाळी कशी जाते ते तुम्हाला माहीत आहे. लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी तुमचा माणूस पन्नास अनोळखी लोकांना राजस्थानातल्या हॉटेलात फराळ वाढत असतो. त्याच्या घरी पाकीट धनत्रयोदशीच्या आधी पोचलेलं असावं.

पगार कमी ठेवून इन्सेंटिव्ह भरपूर दिला तर माणूस जास्त धावेल ना?

एप्रिल-मेमध्ये धावेल. जुलैत नोकरी सोडेल.

आपल्या धंद्याला पावसाळ्यात काम नसतं. लोणावळा, ताम्हिणी, माळशेजच्या शनिवार-रविवारच्या गर्दीवर रिसॉर्टवाल्यांचं भागतं, पण काश्मीर, केरळ, युरोप विकणारं काउंटर जून ते ऑगस्ट बऱ्यापैकी शांत असतं. घरभाडं आणि पोरांची शाळेची फी मात्र नेमकी जूनमध्येच दार वाजवते. ज्याचा निम्मा पगार इन्सेंटिव्हवर आहे तो जूनमध्ये आधी उचल मागतो, मग मोबाइलवर नोकऱ्या बघायला लागतो. सीझनभर शिकवून तयार केलेला माणूस दिवाळीच्या बुकिंगला दुसऱ्याच्या काउंटरवर दिसतो.

फ्रेडरिक हर्झबर्ग या मानसशास्त्रज्ञाने १९५९ मध्ये पिट्सबर्ग भागातल्या सुमारे २०० इंजिनिअर आणि अकाउंटंट मंडळींच्या मुलाखतींवरून एक मांडणी केली होती. पगार, साहेबाचं वागणं, कामाची जागा या गोष्टी बिघडल्या की माणूस नाराज होतो, पण त्या नीट असल्या म्हणून तो आपोआप मन लावून काम करतो असं नाही. मन लागतं ते काम जमल्याच्या, कोणी दखल घेतल्याच्या, जबाबदारी मिळाल्याच्या अनुभवातून. त्याच्या पद्धतीवर पुढे टीका खूप झाली. माझ्या अनुभवात मात्र पहिला अर्धा भाग शंभर टक्के खरा ठरला आहे. पगार दहा तारखेनंतर होत असेल तर इन्सेंटिव्हची कुठलीही स्कीम सांगू नका, लोक मनात हसतात.

शिवाय नव्या संहितेत कमिशन आणि भत्ते मिळून एकूण मोबदल्याच्या निम्म्याच्या वर गेले, तर वरचा भाग वेतनातच धरला जातो. म्हणजे मूळ पगार चिमूटभर दाखवून पीएफ-ग्रॅच्युइटी वाचवायची जुनी युक्ती आता तशी चालत नाही.

काउंटरवरच्या सेल्सच्या मुलांना नेमका कशावर इन्सेंटिव्ह द्यायचा?

हा प्रश्न सगळ्यात जास्त विचारला जातो. चुकाही इथेच सगळ्यात जास्त होतात, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

नव्वद टक्के ऑफिसात बुकिंगच्या रकमेवर इन्सेंटिव्ह असतो, कारण तो मोजायला सोपा. समजा हिमाचलची टूर माणशी ५२,००० रुपयांची आहे आणि त्यात तुम्हाला सुटतात ६,०००. इन्सेंटिव्ह एक टक्का, म्हणजे ५२० रुपये. समोरचे काका उठायला लागले, ‘दुसरीकडे बघतो’ म्हणाले. काउंटरवरच्या मुलीने ३,००० कमी केले आणि बुकिंग घेतलं. तिचा इन्सेंटिव्ह झाला ४९० रुपये. तिचं नुकसान तीस रुपयांचं, तुमचं तीन हजारांचं. तिची काही चूक नाही. तुम्हीच तिला सांगून ठेवलंय की तुमचा निम्मा नफा तीस रुपयांना विकता येतो.

तोच इन्सेंटिव्ह मार्जिनवर, म्हणजे तुम्हाला सुटणाऱ्या पैशांवर, लावून बघा, आठ टक्के. पूर्ण किमतीला ४८० रुपये, ३,००० सोडले तर २४०. आता ती सूट देण्याआधी दोनदा विचार करेल. आधी गरम पाण्याची, मराठी जेवणाची, सोबतच्या टूर मॅनेजरची गोष्ट सांगेल, मग गरजच पडली तर हजार कमी करेल. मालकांना भीती असते की मार्जिन कर्मचाऱ्यांना कळेल. त्यांना ते आधीच कळलेलं असतं. तरीही संकोच वाटत असेल तर प्रत्येक टूरला ‘पॉइंट’ लावा आणि सूट दिली की पॉइंट कापले जातील असं करा.

दुसरी गोष्ट, आणि माझ्या मते हीच खरी. बुकिंग झालं की पूर्ण इन्सेंटिव्ह देऊन मोकळं होऊ नका. पूर्ण पैसे भरले गेले की चाळीस टक्के द्या. उरलेले साठ टक्के प्रवासी टूर करून घरी परतल्यावर सात दिवसांनी, काउंटरवर दिलेल्या शब्दाबद्दल तक्रार नसेल तर द्या. टूर काउंटरवर विकली जाते, पण ती घडते मनालीत. ‘व्ह्यूवाली रूम नक्की’, ‘जैन जेवण सगळीकडे’, ‘आई-बाबांना बसमध्ये पुढची सीट’ असे शब्द शनिवारच्या गर्दीत सहज दिले जातात आणि ते निस्तरतो टूर मॅनेजर. पुढच्या सीटसाठी पुणेकर किती टोकाला जातो हे मी तुम्हाला सांगायला नको.

एका ऑफिसात आम्ही साधी रेघांची वही सुरू केली. नाव पडलं ‘शब्दांची वही’. बुकिंग घेताना जो काही वेगळा शब्द दिला तो त्या वहीत लिहायचा, खाली सही, आणि वही ऑपरेशन्सच्या, म्हणजे टूरची प्रत्यक्ष व्यवस्था बघणाऱ्यांच्या, टेबलावर. पहिल्या महिन्यात वहीची चार पानं भरली. तिसऱ्या महिन्यात एक पान. लिहून सही करायची म्हटल्यावर लोक शब्दच कमी द्यायला लागले.

टार्गेट कसं ठरवायचं? मागच्या महिन्यावर दहा टक्के?

मागच्या महिन्याशी तुलना आपल्या धंद्यात निरर्थक आहे. मागच्या वर्षीच्या त्याच महिन्याशी करा, तीही पंचांग उघडून. २०२३ मध्ये अधिक श्रावण १८ जुलै ते १६ ऑगस्ट होता, २०२६ मध्ये अधिक ज्येष्ठ १७ मे ते १५ जून. अधिक मासात काशी, अष्टविनायक, ज्योतिर्लिंगं अशा यात्रांना मागणी वाढते आणि लग्नं थांबल्यामुळे नवरा-नवरीच्या टूर कमी होतात. पितृपक्षात ‘आत्ता पैसे भरायला नको’ म्हणणारी घरं अजून पुष्कळ आहेत. चारधामची देवळं अक्षय्य तृतीयेच्या सुमाराला उघडतात, तीही दर वर्षी वेगळ्या तारखेला. एवढं न बघता ऑगस्टचं टार्गेट भिंतीवर लावलंत तर यात्रेच्या टेबलावरच्या मुलाला फुकट पैसे मिळतील आणि हनीमूनच्या टेबलावरची मुलगी महिनाभर उगाच तोंड पाडून बसेल.

टार्गेट सीझन सुरू व्हायच्या आधी सांगा आणि मध्येच वाढवू नका. कोणी चांगलं काम केलं म्हणून पुढच्या महिन्यात त्याचं टार्गेट चढवलंत तर बाकीचे सगळे हात आखडतात, आणि त्यात त्यांचं काही चुकत नाही.

टूर मॅनेजरचं काम मोजायचं कसं? तो तर काही विकत नाही.

लेण्याद्रीचा एक दिवस सांगतो. अष्टविनायकाची बस, सकाळी ओझर करून आलेली. गिरिजात्मजाच्या दर्शनाला तीनशेच्या आसपास पायऱ्या. गटात एक आजी, गुडघे पार गेलेले, पण ‘सात झाले, आता हा सोडायचा नाही’ म्हणून हट्ट. आमच्या टूर मॅनेजरने आदल्या रात्रीच डोलीवाल्याला फोन करून ठेवला होता. आजी डोलीत बसल्या. त्या लाजू नयेत म्हणून हा त्यांच्या बाजूने चालत, दर वीस पायऱ्यांवर काहीतरी विचारत वर गेला. खाली उरलेल्या सहा जणांना मुक्कामावरून भरून आणलेला चहा दिला. ड्रायव्हरला सांगून बस सावलीत घेतली. कोणाला काही जाणवलंही नाही. रिपोर्टमध्ये या दिवसाची नोंद काय? ‘दर्शन वेळेत झालं.’

त्याच्या कामाचा चांगुलपणा काही न घडण्यात असतो. म्हणून त्याचा इन्सेंटिव्ह आकड्यांवर कमी आणि ऐकण्यावर जास्त ठेवा. मात्र शेवटच्या दिवशी बसमध्ये वाटतात त्या फीडबॅक फॉर्मवर जाऊ नका. फॉर्म वाटतो तोच माणूस, गोळा करतोही तोच, आणि भरताना समोर उभा असतो. सगळे ‘उत्तम’वर खूण करतात, आणि ज्याला खरंच काही बोलायचं असतं तो घरी जाऊन मेव्हण्याला सांगतो.

त्यापेक्षा टूर संपल्यावर तिसऱ्या दिवशी ऑफिसातल्या दुसऱ्या कोणी, शक्यतो वयाने मोठ्या बाईंनी, प्रवाशाला फोन करावा. प्रश्न तीनच. ठरलेलं एखादं ठिकाण राहिलं का? काही अडचण आली तेव्हा मॅनेजर जवळ होता का? पुढच्या वेळी हाच मॅनेजर असेल तर चालेल का? तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर द्यायला समोरचा किती वेळ घेतो, त्यावरून सगळं कळतं.

आणखी एक. प्रत्येक टूरला मॅनेजरच्या हाती काही रक्कम द्या, पाच हजार म्हणा, जी तो ऑफिसला न विचारता खर्चू शकेल. कोणाचा चष्मा फुटला, लहान पोराला ताप आला, रूम बदलायची आहे, तर लगेच खर्च करायचा आणि पावती नंतर द्यायची. रिट्झ-कार्लटन हॉटेलांत कर्मचाऱ्याला एका पाहुण्याची अडचण सोडवायला २,००० डॉलरपर्यंत खर्च करायची मुभा असल्याचं हॉटेलवाले कौतुकाने सांगतात. आपल्याला पाच हजार पुरतात. उरले तर परत घ्या, पण उरलेल्या पैशांवर बक्षीस ठेवू नका, नाहीतर आजींची डोली रद्द होईल.

शॉपिंगचं कमिशन मॅनेजरला घेऊ द्यायचं का?

केशर, पश्मिना, साड्या, चंदन: प्रत्येक मार्गावर अशी दुकानं आहेत जी गट आणला की टक्केवारी देतात. हे सगळ्यांना माहीत आहे आणि मीटिंगमध्ये कोणी बोलत नाही. मनाई करून ते थांबत नाही, फक्त लपवलं जातं. मी दोन गोष्टी सुचवतो. जी दुकानं आहेत ती कार्यक्रमपत्रिकेत आधीच छापा, वेळ पाऊण तासाच्या वर नको. आणि कमिशन उघडपणे टूरच्या खात्यात जमा करून मॅनेजर, ड्रायव्हर, क्लीनर आणि सोबतचा आचारी यांत ठरल्या प्रमाणात वाटा. मॅनेजरचा पगारच इतका तुटपुंजा असेल की तो या पैशांवर घर चालवतो, तर तिथे स्कीम सुचवण्यात अर्थ नाही. आधी पगार बघा.

ड्रायव्हरला डिझेल वाचवल्याबद्दल किंवा वेळेत पोचल्याबद्दल बक्षीस द्यावं का?

डिझेलबद्दल द्यायला हरकत नाही. सरासरी गाडीनुसार आणि रस्त्यानुसार वेगळी काढा, महाबळेश्वरच्या गाडीला नाशिकच्या गाडीचं माप लावू नका.

लवकर पोचल्याबद्दल कधीच नाही. आंबेनळी किंवा वरंध घाटात पंधरा मिनिटं वाचवून कोणाचंही भलं होत नाही. किलोमीटरवर पैसे देऊ नका, तो झोप विकून किलोमीटर विकत घेतो. मोटार वाहतूक कामगारांच्या १९६१ च्या कायद्यात दिवसाला ८ आणि आठवड्याला ४८ तास ही मर्यादा घातली होती, आणि आपल्याकडे ‘रात्री निघून पहाटे दर्शन’वाल्या टूरमध्ये ती सगळ्यात आधी मोडली जाते. बक्षीस द्यायचंच असेल तर ते सहा महिन्यांत चलन नाही, ओरखडा नाही आणि प्रवाशांचा ‘गाडी जोरात मारतो’ असा फोन नाही, याबद्दल द्या. मुक्कामाला ड्रायव्हरला गाडीत झोपायला लावत असाल तर मात्र हा भाग सोडून पुढचा प्रश्न वाचा.

टिपा कोणाच्या? वाटून घ्यायच्या की ज्याच्या त्याच्या?

रिसॉर्ट-हॉटेलात वाटून घ्याव्यात असं माझं मत. पाहुणा वेटरला देतो, पण त्याची रूम लख्ख ठेवणारी मावशी त्याला दिसतच नाही. कॉर्नेल विद्यापीठातल्या मायकल लिन यांच्या अभ्यासात टीप आणि सेवेचा दर्जा यांचा संबंध असला तरी फार कच्चा आढळला. बिल केवढं, पाहुण्याला सवय कशी, मूड कसा यावर बरंच ठरतं. टिपांवरून कोण चांगलं काम करतं हे ठरवू नका.

कार्डवर दिलेली टीप हॉटेलने गोळा करून कर्मचाऱ्यांना वाटली, तर तो पगार नव्हे आणि त्यावर पगाराचा टीडीएस (देतानाच कापायचा आयकर) लागत नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये आयटीसीच्या खटल्यात दिला. तुम्ही स्वतः देता त्या इन्सेंटिव्हला ही सूट नाही. तो पगारच, टीडीएस त्यात धरूनच.

बिलात आपोआप सर्व्हिस चार्ज लावून त्यातून स्टाफला देण्याचा मार्ग आता बंद समजा. जुलै २०२२ च्या ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या मार्गदर्शक सूचना दिल्ली उच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये कायम ठेवल्या. पाहुणा स्वेच्छेने देईल तेवढंच.

हाउसकीपिंगला रूममागे पैसे द्यावेत का?

द्या, पण एका अटीसह. अमेरिकेत गाड्यांच्या काचा बसवणाऱ्या सेफलाइट नावाच्या कंपनीने तासाच्या पगाराऐवजी काचेमागे पैसे सुरू केले. एडवर्ड लेझीअर या अर्थशास्त्रज्ञाने अभ्यास केला तेव्हा माणशी काम सुमारे ४४ टक्क्यांनी वाढलेलं दिसलं. हा आकडा सगळे सांगतात. तिथे काच नीट बसली नाही तर ती त्याच कामगाराने परत, पैसे न घेता बसवायची असा नियम होता, तो मात्र कोणी सांगत नाही. रूमचंही तसंच करा. बाथरूममध्ये केस सापडला, रूम परत. आणि चेकआउट झालेली रूम आणि मुक्कामाची रूम यांचा दर वेगळा ठेवा. चार पोरांच्या कुटुंबाने सोडलेली रूम आवरायला काय लागतं ते एकदा स्वतः करून बघा.

गूगलवर चांगले रिव्ह्यू आणणाऱ्याला बक्षीस?

हे मी स्वतः केलं होतं, म्हणून सांगतो. नावासकट पाच चांदण्या आल्या की २०० रुपये. दोन आठवड्यांत आमचे मॅनेजर लोहगाव विमानतळावर, सामानाच्या पट्ट्यापाशी, थकलेल्या प्रवाशांचे फोन हातात घेऊन स्वतः रिव्ह्यू टाईप करून देत होते. एका बाईंनी ऑफिसला फोन करून विचारलं, ‘तुमचा मुलगा बॅग शोधायला मदत करेल की आधी चांदण्याच घेईल?’ स्कीम त्याच दिवशी बंद केली. शिवाय पैसे देऊन मिळवलेले रिव्ह्यू गूगलच्या नियमात बसत नाहीत.

उशिरा येणाऱ्यांना, चुका करणाऱ्यांना दंड लावला तर?

इस्रायलमधल्या हैफा शहरात काही पाळणाघरांनी मुलांना न्यायला उशिरा येणाऱ्या पालकांना दंड लावला. उरी ग्नीझी आणि आल्डो रुस्टिचिनी यांनी २००० साली मांडलेला हा प्रयोग. दंडाने उशिरा येणारे वाढले, कारण आधी लाज वाटायची, आता ‘पैसे भरतोय की’. दंड काढून घेतला तरी उशीर कमी झाला नाही. काउंटरवर पाच मिनिटं उशिराला पन्नास रुपये लावलेत की लोक पन्नास रुपये मोजून निवांत येतात. शिवाय पगारातून दंड कापायला कायद्याची बंधनं आहेत, वाटेल तसा कापता येत नाही.

टूर रद्द झाली तर दिलेला इन्सेंटिव्ह परत घ्यायचा का?

मार्च २०२० मध्ये हा प्रश्न पहिल्यांदा मोठ्या प्रमाणावर आला. २२ एप्रिल २०२५ ला पहलगामला हल्ला झाला. त्यात पुण्यातले पर्यटकही गेले. पुढच्या दोन दिवसांत काश्मीरची बुकिंगं रद्द करणाऱ्या फोनांनी काउंटर भरून गेले. ते फोन घेणारी मुलं तीच होती ज्यांनी जानेवारी-फेब्रुवारीत ती बुकिंगं आणली होती. ती एकीकडे प्रवाशांना धीर देत होती, दुसरीकडे परताव्याचे अर्ज भरत होती, आणि मनात स्वतःच्या इन्सेंटिव्हचा हिशेब चालू होता.

माझं उत्तर असं. प्रवाशाने स्वतःच्या कारणाने रद्द केलं, किंवा काउंटरवर चुकीचं सांगितल्यामुळे रद्द झालं, तर इन्सेंटिव्ह नाही. युद्ध, हल्ला, साथ, दरड, विमान कंपनी बंद पडणं यात कर्मचाऱ्याचा काही हात नाही. तिथे पहिले चाळीस टक्के परत मागू नका. आणि ज्याने प्रवाशाला पैसे परत न मागता दुसऱ्या तारखेला किंवा दुसऱ्या ठिकाणी वळवलं, त्याला ते बुकिंग नवं समजून द्या. ते काम पहिल्यांदा विकण्यापेक्षा अवघड असतं.

पैशाऐवजी टूरच बक्षीस दिली तर चालेल?

चालेल, पण ती खरी सुट्टी असू दे. ‘जा, आणि येताना पाच हॉटेलं बघून रिपोर्ट दे’ हे बक्षीस नाही, फॅम टूर आहे, म्हणजे ठिकाण-हॉटेलं ओळखून घ्यायची फेरी, आणि ती कामातच धरायची. बक्षीस म्हणजे नवरा-बायको, पोरं, आणि फोन बंद. मी पाहिलंय की वर्षभर परदेश विकणाऱ्या मुलीला स्वतःच्या आई-वडिलांना घेऊन एकदा केरळला जायला मिळालं, तर त्याची गोष्ट ती पुढची दोन वर्षं काउंटरवर सांगते. त्या गोष्टीने किती बुकिंगं येतात ते मोजता येत नाही, पण येतात.

सुट्टी हा इन्सेंटिव्ह होऊ शकतो का?

आपल्याकडे तर तोच सगळ्यात मोठा. आमची दिवाळी, नाताळ, मे महिना, सगळे सण दुसऱ्यांच्या सुट्ट्यांमध्ये जातात. गणपती मात्र बहुतेक वेळा कमी कामाच्या दिवसांत येतात, आणि कोकणातल्या मुलांना ते नोकरीपेक्षा मोठे. त्यांना आठवडा द्या, भरपगारी. ज्याने दिवाळी टूरवर काढली त्याला तुळशीच्या लग्नानंतर सलग चार दिवस द्या, आणि तो कोणत्या चार दिवशी घेणार हे त्यालाच ठरवू द्या. जादा तासांचे दुप्पट दराने पैसे हा कायद्याचा भाग झाला. तो वेगळा द्यायचाच, सुट्टीच्या बदल्यात नाही.

आमचं शेतावरचं पर्यटन केंद्र आहे, घरचीच माणसं आणि गावातल्या चार बाया. आम्हाला कशाला हे सगळं?

स्कीम नको, पण हिशेब हवा. राज्याचं कृषी पर्यटन धोरण २०२० मध्ये आलं, तेव्हापासून मुळशी, वेल्हे, जुन्नरकडे अशी केंद्रं वाढलीत. तिथे पिठलं-भाकरी करणाऱ्या बाईंना रोजावर ठेवतात. शनिवारी साठ पानं आणि मंगळवारी सहा, रोजाचे पैसे मात्र तेवढेच. रोज ठेवाच, आणि वीस पानांच्या वर प्रत्येक पानामागे काहीतरी द्या. ताटं मोजायची जबाबदारीही त्यांनाच द्या. चुकत नाहीत.

एकट्याला द्यायचा की टीमला?

काउंटरला एकट्याला, ऑपरेशन्सला टीमला. टूरवर गेलेल्या मंडळींना, म्हणजे मॅनेजर, ड्रायव्हर, क्लीनर, आचारी यांना एका टूरची एक टीम म्हणून. विकणारे आणि टूर चालवणारे एकमेकांवर चिडलेले असतील तर दोघांच्या इन्सेंटिव्हचा एक छोटा हिस्सा समाईक ठेवून बघा. आमच्याकडे जेवायला एकत्र बसू लागले, एवढं तरी झालं.

इन्सेंटिव्ह हातात कधी आणि कसा द्यायचा?

पगारासोबत, सात तारखेच्या आत. ‘पुढच्या महिन्यात बघू’ म्हटलं की त्या इन्सेंटिव्हचं अर्धं बळ तिथेच गेलं. आकडा नुसता बँकेत टाकू नका, सोबत एक स्लिप द्या: कुठली टूर, किती माणसं, किती मिळाले, किती राखून ठेवले आणि ते कधी मिळणार. नियम एका पानावर, मराठीत, दोघांच्या सहीने. मालकाने तोंडी सांगितलेलं मालकच आधी विसरतो.

स्लिप सुरू केल्यावर एका ड्रायव्हरने ती नीट घडी करून गाडीच्या सन-व्हायझरमध्ये, देवाच्या फोटोमागे खोचून ठेवलेली मला दिसली. विचारलं तर म्हणाला, ‘साहेब, घरी दाखवायचीये. तिला वाटतं मी टिपा लपवतो.’